दहा वर्षांचे तोकुजी

तोकुजी इगाराशींना खरं तर तांदूळ हवे होते.

वर्षाच्या शेवटी बाजारपेठेत सोडत असते. खरेदीच्या पावत्या दाखवायच्या, लाकडी पिंपाचा दांडा धरून गरगर फिरवायचं, आणि भोकातून ज्या रंगाची गोळी पडेल ते बक्षीस घेऊन घरी जायचं. पांढरी पडली की कागदी रुमालांचं पुडकं. अशी पुडकी तोकुजींकडे इतकी साठली होती, की उरलेलं आयुष्य अखंड सर्दीत काढलं तरी पुरली असती. हिरवी म्हणजे तांदळाचं पोतं. त्यांनी मनात हिरवी धरली, दांडा फिरवला आणि सोनेरी पडली. चहापत्तीच्या दुकानातल्या होन्माबाईंनी घंटा अशी बडवली, की समोरच्या दातांच्या दवाखान्यातला पेशंट उघड्या तोंडानिशी बाहेर आला.

"नशीब काढलंत, इगाराशीसान! गेमचं यंत्र!"

"तांदळावर बदलून मिळेल का?"

"अहो, पहिलं बक्षीस कुणी बदलून मागतं का? नातवंडांना द्या."

"नाहीत."

"मग स्वतः खेळा की," असं म्हणून होन्माबाई घाईघाईने पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. पुढे कुणीही नव्हतं.

तोकुजींची उभी हयात सान्जोतल्या कारखान्यात कानशींना दात पाडण्यात गेली होती. लोखंडाची कुठलीही वस्तू हातात आली की तिचा खरखरीतपणा बोटाने बघायची त्यांना सवय. या यंत्राला कुठे खरखर नव्हती, म्हणून त्यांना ते जरा लबाड वाटलं. पण टीव्हीला जोडताच चालू झालं, आणि आत बोलिंग निघालं. तरुणपणी साऱ्या देशाला बोलिंगचं वेड लागलं होतं, तेव्हा तोकुजी आणि सुमिए पहाटे रांगेत उभे राहून खेळायचे. सुमिए हरली की चिडायची. लग्नानंतरही चिडायची. आता ती नव्हती, आणि यंत्रात तिच्या जागी टोपी घातलेलं एक अस्वल होतं.

अस्वल हरलं की टाळ्या वाजवायचं.

पहिले काही दिवस बरं वाटलं. पण हरल्यावर खूष होणाऱ्याशी माणूस किती दिवस खेळणार? तोकुजी मुद्दाम हरून बघू लागले. तरी अस्वल टाळ्याच वाजवायचं. समोर कुणीतरी हवं होतं. चिडकं असलं तरी चालेल, किंबहुना चिडकंच बरं. नेमकी त्याच वेळी पडद्यावर एक ओळ आली: ‘जगभरातले मित्र तुमची वाट पाहत आहेत! आजच सभासद व्हा!’

लोकांना ताटकळत ठेवणं तोकुजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कानटोपी चढवली आणि बर्फातून कोपऱ्यावरचं अष्टौप्रहर दुकान गाठलं. गल्ल्यावर थापा होता. काठमांडूहून शिकायला आलेला, आणि सान्जोत तोकुजींशी रोज बोलणारा एकमेव माणूस. रोज तो एकच वाक्य बोलायचा: "डबा गरम करू का?" आज त्याला नवीन विषय मिळाला.

"सभासदत्वाचं कार्ड? घरचं देऊ की एकट्याचं? घरच्यात आठ जण बसतात. स्वस्त पडतं, आजोबा."

"एकट्याचं."

"वर्षाचं की तीन महिन्यांचं?"

"तीन महिन्यांचं दे. वर्षाची हमी मी देत नाही."

थापा हसला नाही. त्याने कार्ड दोन्ही हातांनी दिलं आणि सवयीने विचारलं, "गरम करू का?"

घरी येऊन तोकुजींनी कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार रजईत पाय घातले, कार्डावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडला आणि आतला लांबलचक आकडा यंत्राला भरवला. शून्य आणि ‘ओ’ यांच्यात थोडी झटापट झाली. शेवटी शून्य जिंकलं. मग यंत्राने नाव विचारलं, ते दिलं. खेळातलं टोपणनाव विचारलं, तिथे त्यांनी ‘कानस’ लिहिलं. मग जन्मसाल.

तोकुजींचा जन्म शोवा सत्तावीसचा. सम्राट बदलला की वर्षं पुन्हा एकपासून सुरू, त्यामुळे आपला आकडा प्रत्येकाला पाठ असतो, आणि आकड्याआधीचा सम्राट कोण हे तोंडाकडे बघून समोरच्याने ओळखायचं असतं. यंत्राला तोंड बघायची सोय नव्हती. सम्राटाच्या रकान्यात आधीपासून शोवांनंतरच्या सम्राटाचं, ‘हेइसेइ’, भरलेलं होतं. तोकुजींनी त्याकडे न बघता सत्तावीस दाबलं, आणि एका बोटात त्र्याहत्तर वर्षांचा माणूस दहा वर्षांचा झाला.

पडदा गुलाबी झाला. अक्षरं टपोरी झाली, अवघड चित्राक्षरं जाऊन सगळं बाळबोध वळणात आलं. तोकुजींनी चष्मा काढून ठेवला. इतकं स्वच्छ त्यांना कित्येक वर्षांत वाचता आलं नव्हतं.

‘तोकुजी, शाब्बास! आता आईला नाहीतर बाबांना बोलाव बरं!’

आईबाबा डोंगरापलीकडच्या देवळामागच्या थडग्यात होते आणि आता तर वर हातभर बर्फ साचलं होतं. तोकुजींनी मदतकेंद्राला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी आली.

"आपण पालक बोलताय ना?"

"नाही. मी मूल."

"...घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

"मोठं माणूस मीच."

"म्हणजे पालक."

"पालक नाही हो. पालकांना बोलवा असं तुमचं यंत्र म्हणतंय."

मग मुलीने सांगितलं, वय दुरुस्त करायचं तर ओळखपत्राची प्रत टपालाने पाठवा, काही आठवडे लागतील. तोवर खेळायचं असेल, तर कुटुंबातल्या कुठल्याही सज्ञान व्यक्तीचा फोन नंबर पालक म्हणून द्या, त्यांना निरोप जाईल.

कुटुंबातली सज्ञान व्यक्ती एकच उरली होती. तोकुजींची मुलगी चिनात्सु, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कागोशिमात. तिथे ज्वालामुखी धूर सोडतो. हिवाळ्यात बाप दारातलं बर्फ ओढायचा आणि लेक गॅलरीतली राख झाडायची. बापलेकीत एवढंच साम्य उरलं होतं. नववर्षाला एक फोन व्हायचा. "जेवलात?" "हो." "थंडी?" "आहे." मग दोघांपैकी जो आधी "बरं" म्हणेल त्याची सुटका.

तोकुजींनी तिचा नंबर भरला, आणि चहा ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला.

"कोण बोलतंय?" चिनात्सुचा आवाज पोलिसासारखा होता.

"मी."

"मी कोण?"

"मी गं, मी!"

फोन कट झाला.

तोकुजींच्या लक्षात यायला वेळ लागला. म्हाताऱ्यांना फोन करून ‘मी, मी बोलतोय’ म्हणत लुबाडणाऱ्या भामट्यांची भित्तिपत्रकं गावभर लागली होती; एक त्यांच्याच फाटकावर होतं. चिनात्सुला नुकताच निरोप आला होता, की तुमचा दहा वर्षांचा मुलगा तोकुजी तुमच्या परवानगीची वाट पाहत आहे. तिला मूलबाळ नव्हतं. पाठोपाठ बापाच्या घरातून कुणी ‘मी, मी’ करत असेल, तर माणूस दुसरं काय समजणार? फोन पुन्हा वाजला.

"तुम्ही माझे बाबा असाल, तर मी काय काम करते ते सांगा."

"चष्म्याच्या दुकानात आहेस," तोकुजी ठामपणे म्हणाले.

"ते दुकान सोडून सहा वर्षं झाली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आहे मी."

"असं?"

"मला आवडतं काय?"

"...तळलेलं तोफू?"

"ते आईला आवडायचं." चिनात्सुने मोठा सुस्कारा सोडला. "बरं. तुम्हीच आहात, पटलं."

"उत्तरं तर चुकली."

"म्हणूनच. भामटे अभ्यास करून येतात हो."

तोकुजींना यावर हसावं की काय करावं कळेना. त्यांनी गॅस बंद केला, कारण तो तरी बंद करता येण्यासारखा होता. मग त्यांनी तांदूळ, सोनेरी गोळी, अस्वल आणि हेइसेइ असा सगळा वृत्तांत सांगितला. इतकं सलग ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. चिनात्सुने अस्वलापर्यंत ऐकून घेतलं. मदतकेंद्राच्या मुलीपाशी तिला हसू फुटलं.

"उद्या ओळखपत्राची प्रत टाकतो," तोकुजी म्हणाले. "तोवर तेवढं हो म्हण."

"थांबा, इथे बरंच काही विचारतायत. रोज किती वेळ खेळू द्यायचं? एक तास पुरे. अनोळखी लोकांशी बोलू द्यायचं? अजिबात नाही."

"अगं, त्यांच्याशी खेळायलाच तर—"

"डोळे खराब होतात."

"मोतीबिंदू काढलाय दोन्हींचा!"

"उलट उत्तर नको," ती म्हणाली, आणि दोघंही दचकले.

तर जगभरातले मित्र. ते होते खरे. पण तोकुजींचा चेंडू टाकून होईपर्यंत थांबायला कुणी तयार नसे. मोजूनमापून नेम धरावा, तोवर समोरचा निघून गेलेला. लहान मूल म्हणून बोलायला बंदी. हसरा, रडका आणि टाळ्यांचा असे तीनच चेहरे पाठवता यायचे. पेरूचा की कुठला कुणी ‘कोंडोर’ एकदा शेवटपर्यंत थांबला. तोकुजींनी आनंदाने रडका चेहरा पाठवला, चुकून. कोंडोर पुन्हा दिसला नाही. मग पुन्हा अस्वल.

ओळखपत्राची प्रत काढून झाली, पाकिटात घातली, तिकीट चिकटवलं. पण बर्फ इतकं पडलं की पत्रपेटीच दिसेना, आणि ते ओढता ओढता तोकुजींची कंबर धरली. ते दोन दिवस अंथरुणात पडून होते. गावात हे कुणाला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. थापाला वाटलं असेल, आजोबा हल्ली घरीच गरम करतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. नववर्ष होऊन गेलं होतं.

"काय झालंय?" चिनात्सुने थेट विचारलं.

"कुठे काय?"

"काल शून्य मिनिटं. आजही शून्य. मला रोज संध्याकाळी अहवाल येतो. ‘तुमच्या मुलाने आज इतका वेळ बोलिंग खेळलं.’ एक दिवस चुकत नाही तुमचा. काय झालंय?"

तोकुजी छताकडे बघत राहिले. गेले कित्येक दिवस ते टीव्हीसमोर एकटे बसून चेंडू टाकत होते, आणि त्यातला एकेक दिवस दवाखान्याच्या स्वयंपाकघरात, हात पुसून, कुणीतरी वाचत होतं.

"कंबर धरलीय जरा," ते म्हणाले.

"आणि सांगितलं नाहीत!"

"तू लांब."

"डॉक्टरकडे जा. उद्याच. आणि वर जाडं काहीतरी घालून जा." मग ती थांबली. "दहा वर्षांच्या पोराला अहो-जाहो करताना जीभ अडखळते माझी. ऐक. डॉक्टरकडे जा. कळलं का, तोकुजी?"

तिच्या जन्मापासून हा आवाज त्यांना ‘तुम्ही’ म्हणत आला होता. ‘तू’ म्हणणारी सगळी माणसं आता डोंगरापलीकडच्या देवळामागे होती, सुमिएसकट.

"कळलं," तोकुजी म्हणाले.

"शहाणा."

त्यानंतर पुन्हा फोन आला नाही; यायला काही निमित्त नव्हतं. कंबर बरी झाली, अहवाल वेळेवर जाऊ लागले. तिकीट चिकटवलेलं पाकीट कोतात्सुवर पडून होतं. पत्रपेटी आता स्वच्छ दिसत होती. तोकुजींनी पाकीट एकदा दारापर्यंत नेलं, बूटही घातले. मग त्यांनी हिशेब केला: सज्ञान व्हायला अजून आठ वर्षं. एक्याऐंशी होतील तेव्हा. त्यांनी बूट काढले आणि पाकिटावर चहाचा कप ठेवला. त्या कपाखाली काहीतरी हवंच होतं.

थापाकडे मात्र ते गेले.

"या खेपेला वर्षाचं दे," ते म्हणाले.

"घरचं?"

तोकुजींनी विचार केला. "एकट्याचंच. पण वर्षाचं."

त्या संध्याकाळी तास संपता संपता शेवटचा चेंडू टाकायचा राहिला होता. पडदा थांबला. ‘वेळ संपली! आणखी हवा असेल तर पालकांना विचार.’ खाली एक बटण होतं. तोकुजींना ते दाबायचं नव्हतं, अंगठा घसरला. मग ओशाळून ते रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. ती कामावर असेल. हात ओले असतील. असल्या गोष्टीसाठी कुणी फोन काढून बघतं का?

टिंग झालं. ‘पालकांनी पंधरा मिनिटं वाढवून दिली आहेत.’

एवढंच, त्यापुढे एक अक्षर नाही. शेवटचा चेंडू पडला, अस्वल हरलं, अस्वलाने टाळ्या वाजवल्या, आणि सगळं मिळून दोन मिनिटं झाली. बाकीची तशीच शिल्लक होती. खेळायला समोर कुणी नव्हतं. बाहेर बर्फ पडत होतं, चहा निवला होता, उठून दिवा लावायला हवा होता. पण दिलेला वेळ वाया घालवायचा नाही, असं लहानपणी त्याला शिकवलेलं होतं. दहा वर्षांचा तोकुजी हात मांडीवर ठेवून, पंधरा मिनिटं संपेपर्यंत, पडद्यासमोर शहाण्यासारखा बसून राहिला.