सुस्त माशांची टाकी

औषधांच्या कारखान्यातलं सांडपाणी साफ करण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे पाणीसाहेब म्हणत. साहेब आपला नावाचाच. मालकापुढे त्याची बोबडी वळायची.

कारखान्यात झोपेच्या गोळ्या बनत. साफ केलेलं पाणी नदीत सोडण्याआधी फाटकाजवळच्या काचेच्या टाकीतून जाई, आणि त्या टाकीत मासे ठेवले होते. पाणीसाहेब म्हणायचा, "पाण्यात औषधाचा अंश उरतोय, शेवटी एक कोळशाची गाळणी बसवू या." मालक टाकीकडे बोट दाखवी. "मासे जिवंत आहेत ना? मग झालं तर!"

जिवंत होते हो, नाही कोण म्हणतं! पण समोर खाणं टाकलं तरी ढिम्म हलत नसत. जेवून आलेल्या कारकुनासारखे नुसते पडून.

इकडे पाणीसाहेबाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याचा मेहुणा खालच्या अंगाला त्याच नदीचं पाणी पीत होता. बायको रोज कानीकपाळी ओरडायची, "कारखाना आल्यापासून माझा भाऊ अकरापर्यंत उठत नाही! सख्ख्या मेहुण्याला गुंगीचं पाणी पाजताय, आणि तोंडाला कुलूप?"

"नोकरी गेली तर?"

"जाऊ दे गेली तर!"

तिला बोलायला काय जातंय, असं म्हणून तो कूस बदलायचा.

मग एका बड्या गिऱ्हाइकाकडून एक बाई पाहणीला येणार असं ठरलं. पाणी स्वच्छ नसेल तर माल घ्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. मालकाने फर्मान सोडलं, "हे मासे मरगळलेले दिसतात. सकाळीच दुकानातून तरतरीत आणून सोड." पाणीसाहेबाने मुकाट्याने आणले. काय ते मासे! टाकीत नुसता धुमाकूळ.

पण बाईंची गाडी वाटेत पंक्चर झाली. त्या टाकीपाशी पोचल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. मालकाने भाषण सुरू केलं, "निसर्ग म्हणजे आमचा जीव की प्राण..." तेवढ्यात एक मासा मंदावला. मग दुसरा. बघता बघता सगळी मंडळी तळाशी जाऊन बसली. बाईंनी काचेवर टकटक केलं, पण एकाचंही शेपूट हललं नाही.

"मेले की काय?"

"छे छे! तृप्त आहेत," मालक म्हणाला.

बाई पाणीसाहेबाकडे वळल्या. "इथे बनतं काय?"

मालकाने डोळे वटारले. पण पाणीसाहेबाला बायकोचे डोळे आठवले, आणि त्यांच्यापुढे मालकाचे अगदीच किरकोळ वाटले.

"झोपेच्या गोळ्या, मॅडम. आणि थोड्या या पाण्यातही आहेत. मी कधीचा गाळणी मागतोय."

"गाळणी बसवा, मग मालाचं बोलू," बाई मालकाला म्हणाल्या. "आणि ती हेच सांभाळतील."

"मी तेच म्हणणार होतो!" मालक घाम पुसत म्हणाला.

त्या रात्री पाणीसाहेब बूट न काढताच घोरत पडला.

गाळणी बसली. मासे असे उसळायला लागले की मालकाचा शर्ट भिजला. नदीचं पाणीही निवळलं, तसं बायकोने हौसेने भावाला फोन लावला. सकाळचे अकरा वाजले होते. फोन वहिनीने उचलला.

"अहो, झोपलेत अजून!"

बायकोने फोन ठेवला. "पाणी नक्की साफ झालंय ना?"

"एकदम."

"अगंबाई," ती मटकन खाली बसली. "म्हणजे हा मेला मुळातच आळशी!"