दहापैकी चार

आमच्या ह्यांनी, म्हणजे मास्तरांनी, अख्ख्या नोकरीत एकाही पोराला दहापैकी सातच्या वर मार्क दिले नाहीत. चित्रकला शिकवायचे. पालक भांडायला यायचे, हेडमास्तर समजावून थकले, पण हे ढिम्म. दहा दिले म्हणजे पुढे शिकायचं काही उरलंच नाही, म्हणायचे. मी तेव्हा हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या या आजारात मात्र त्याच खोडीने माझ्या नाकी नऊ आणले.

कॅन्सर मणक्यात उतरला होता. बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. पण दुखणं कमी करता येईल, तेवढं आमच्या हातात आहे, असंही म्हणाले आणि वेदनांच्या विभागात पाठवलं. मी त्या एका वाक्याला धरून बसले. आयुष्य वाढवून द्या असं मी म्हणतच नव्हते. माणसाला अंग टेकता यावं, एवढंच मागणं होतं माझं.

त्या विभागातल्या सिस्टरच्या मागे भिंतीवर एक तक्ता होता. ओळीने गोल चेहरे, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडका, खाली शून्य ते दहा आकडे. "काका, किती दुखतंय? यातलं बघून सांगा," ती म्हणाली. मास्तर उठून तक्त्यापाशी गेले, चष्मा सावरला आणि म्हणाले, "हा रडका चुकलाय. खरंच दुखतं तेव्हा तोंड असं उघडत नाही, मिटतं." मग शांतपणे म्हणाले, "चार." सिस्टर हसली, तिने चार लिहिलं आणि चाराच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेलाही चार. त्याच्या पुढच्यालाही.

चार म्हणे. घरी हा माणूस कपाटाची मूठ धरून उभा असायचा. बसलं की कळ, आडवं झालं की कळ. कपाळावर घाम आणि तोंड मिटलेलं. पाठीवर हात फिरवायला गेले की खेकसायचे, "लांब हो. तुझं काम बघ." उभ्या संसारात ज्यांनी आवाज चढवला नव्हता, ते मास्तर. शेवटी माझं अंथरूणच बाहेरच्या खोलीत टाकायला लावलं. तुझ्या घोरण्याचा त्रास होतो म्हणाले. मला ते फार लागलं. वाटलं, जाता जाता या माणसाला माझा वीट आला. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे आणि बाहेर येऊन त्यांच्याशीच भांडायचे. दुसरं कोण होतं भांडायला?

मग एका सकाळी आतून आवाज यायला लागला. ठक, ठक, एकसारखा. जाऊन बघते तर मास्तर कपाटाच्या दारावर कपाळ आपटत होते. हळूहळू, अगदी तालात. "अहो, काय चालवलंय हे?"

"इथे दुखलं की तिथलं जरा विसरायला होतं," ते म्हणाले.

लगेच टॅक्सी बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. कपाळावर टेंगूळ. सिस्टरने विचारलं, "काका, आज किती?"

"पाच."

माझं डोकंच फिरलं. "पाच? सिस्टर, यांचे पाच म्हणजे दुसऱ्या कुणाचे पंधरा. जन्मात कधी कुणाला आठ दिले नाहीत यांनी. तुम्ही आपलं दहा लिहा, मी सांगते ना."

"काकू, काकांनीच सांगायला हवं. दुखणं त्यांचं आहे."

"ते नाही सांगणार. मरतील, पण सहावर जाणार नाहीत."

बोलून गेले खरं.

सिस्टरने पेन बाजूला ठेवलं आणि स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली. "काका, आठ म्हणायला काय हरकत आहे?"

"पेपर तपासताना पहिल्याच पोराला भरभरून दिलं, की पुढे त्याहून सरस निघालं तर द्यायला काही उरत नाही," मास्तर फरशीकडे बघत म्हणाले. "याहून वाईट दिवस यायचेत, मला कळतं ते. आजच आठ म्हटलं तर तुम्ही मोठं औषध आजच काढाल. मग तेव्हा मी काय मागू? तेव्हा तुमच्याकडे काय असेल?"

मी इतके दिवस त्याला हट्ट समजत होते. घाबरला होता हो माझा माणूस. उद्याच्या दुखण्याला राखून ठेवायचं म्हणून आजचं अंगावर काढत होता, एकटा, त्या कपाटाला धरून.

"असं संपत नाही ते औषध," सिस्टर म्हणाली. "दुखणं वाढलं की आम्हीही वाढवतो. आजचं आज घ्यायचं. आणि आकडा राहू दे आता. दुखण्यामुळे काय करता येत नाही, तेवढं सांगा."

मला वाटलं झोप म्हणतील, नाहीतर चित्रं.

"हिचा हात सोसत नाही," मास्तर म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शेजारी ही नुसती कुशीवर वळली तरी मस्तकात कळ जाते. सांगितलं असतं तर ही रात्रभर श्वास रोखून पडली असती. म्हणून ओरडून बाहेर घालवली."

मी पदर तोंडात कोंबून बसले.

सिस्टरने डॉक्टरांना विचारून औषध आणलं, छोट्या कपात. ते पाजलं आणि आम्हाला तिथेच थांबायला सांगितलं. मास्तर उंच पाठीच्या खुर्चीत पुढे वाकून बसले, मी बाजूला. बऱ्याच वेळाने त्यांचे खांदे जरा खाली आले. "ठेव हात," ते म्हणाले.

माझी हिंमत होईना. आधी बोटं टेकवली, मग तळवा. शर्टाखाली नुसती हाडं लागत होती. एवढे झिजले होते आणि मला पत्ता नव्हता.

"दुखतंय का हो?"

"दुखतंय," मास्तर म्हणाले. "काढू नकोस."