वाणाची बाटली

"लाज वाटते का कुणाला?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कडाडलेच. तिसऱ्या मजल्यावरची तन्वी डेंग्यूने दवाखान्यात पडली होती आणि सेक्रेटरी हेमंतराव म्हणत होते, धूर मारणाऱ्याला बोलावू.

जामबागेतल्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी. "धुराने काय होणार, कपाळ? पांढरी माशी एका मिरचीचा रोग दुसरीवर नेते, म्हणून गच्चीवरचं रोगट झाड मी लगेच उपटते आणि माशीला थारा देत नाही. डासाचंही तसंच. घरातलं साचलेलं पाणी शोधा!"

कुणी हललं नाही. मग वॉचमनला बरोबर घेऊन मीच निघाले. "हौ अम्मा, चलो," म्हणत तो बिचारा मागे आला. सुरुवात तन्वीच्याच घरापासून केली.

तिच्या पलंगाशी, खिडकीत, काचेची बाटली होती. आत मनी प्लांट, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. माझं डोकंच फिरलं.

"दीपाली, आई आहेस ना तू तिची? हे पाणी कधी बदललंस?"

"बदललंच नाही, काकू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे वाण तुम्हीच दिलंत. पाणी बदललं की मुळं दुखावतात, नुसती वरून भर घाला, हेही तुम्हीच सांगितलंत."

बाटलीच्या गळ्याला मी बांधलेली लाल फीत तशीच होती. वॉचमन दारात उभा राहून विचारत होता, आता कुठे जायचं.

अजून तेवीस घरं होती. तेवीस बाटल्या.