गळ्यातला दोर

तोर्रेमालाच्या चर्चची घंटा वाजवणं, एवढंच माराल्दोचं जन्मभराचं काम. आणि नेमकं त्यातच त्यानं गावाचं वाटोळं केलं.

आता त्यात त्याची चूक ती किती, तुम्हीच सांगा. वसंतात रस्त्यावर धूळ उठली. खेचरं, भरजरी झगे, आणि सगळ्यांच्या पुढे एकानं उभा धरलेला चांदीचा क्रूस. आर्चबिशपानं क्रूस उभा मिरवायचा तो फक्त आपल्या हद्दीत. दुसऱ्याच्या हद्दीतून जाताना तो मुकाट्यानं पेटीत ठेवायचा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माराल्दोची नजर अधू, पण उभा क्रूस तेवढा दिसला. त्याला वाटलं, आपलेच साहेब, म्हणजे आपले आर्चबिशप आले. त्यानं जीव तोडून घंटा बडवली. सगळं गाव धावत आलं, गुडघे टेकले, आशीर्वाद घेतला.

आणि साहेब निघाले डोंगरापलीकडचे! रोमला चालले होते आणि आमच्या साहेबांना खिजवायला मुद्दाम क्रूस उभा करून आमच्यातून गेले.

आमच्या साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोंगरापलीकडच्या आर्चबिशपाचं ते काय वाकडं करणार? त्यांनी राग काढला आमच्यावर. गावावर धर्मबंदी घातली. चर्चचं दार बंद, घंटा बंद, लग्नं बंद, आणि मेलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही.

"तुझ्या नवऱ्याचे हात एवढे शिवशिवत होते काय गं?" शेजारची रोगाता विहिरीवर अल्त्रुदाला सगळ्यांसमोर म्हणाली. रोगाताच्या मुलीचं लग्न ठरून अडकलं होतं. "घंटा वाजवायच्या आधी कुणाला विचारायला तोंड नव्हतं?"

अल्त्रुदा माराल्दोची बायको. एरवी तिनं रोगाताला धुऊन काढलं असतं. त्या दिवशी ती घडा उचलून तडक घरी आली, कारण घरी माराल्दो रक्त ओकत होता.

त्याला मरणाची भीती नव्हती. फादर मायोनेनं त्याच्या पापांची कबुली ऐकली होती, तेवढी बंदीतही चालते. त्याचा जीव अडकला होता भलतीकडेच. त्यांची एकुलती एक लेक जेम्मा लहानपणीच तापानं गेली, ती चर्चच्या भिंतीला लागून आत निजलीय. तिच्या शेजारची जागा माराल्दोनं स्वतःसाठी धरून ठेवली होती.

"अगं, तिला अंधाराची भीती वाटते," तो म्हणायचा. "मी असतो शेजारी तर..."

"गप बसा हो. काही होत नाही तुम्हाला," अल्त्रुदा म्हणायची, आणि बाहेर जाऊन पदरात तोंड खुपसून रडायची.

शेवटी फादर मायोने शहरात गेला आणि साहेबांच्या पाया पडून आला. साहेब थोडे विरघळले होते. ज्यानं घंटा वाजवली त्यानंच अनवाणी यावं, गळ्यात दोर घालून महालाच्या दारात गुडघे टेकावेत. साहेब स्वतःच्या हातानं तो दोर काढतील आणि त्याच क्षणी गावाची बंदी उठेल.

"पण फादर, तो उठून बसतसुद्धा नाही!"

"मी सांगितलं गं त्यांना. म्हणाले, मग आणा उचलून."

गाढव रोगातानंच दिलं. "ने बाई. माझ्या पोरीचं तरी घोडं गंगेत न्हाईल," ती फणकाऱ्यानं म्हणाली, आणि वर भाकरी अन् ऑलिव्हचं फडकंही बांधून दिलं. दोर कुठला घ्यायचा? घंटा मुकीच होती. फादर मायोनेनं तिच्याच दोराचा तुकडा कापून दिला. माराल्दोनं तो हातात घेतला, कुरवाळला आणि आपल्या हातानं गळ्यात घातला.

वाटभर अल्त्रुदा त्याला धरून चालत होती. "अहो, थोडं धीरानं घ्या. ते बघा, शहराची भिंत दिसली."

"घंटा ऐकू येतायत गं," तो म्हणाला.

येतच होत्या. शहरातल्या साऱ्या घंटा सावकाश वाजत होत्या. आयुष्यभर घंटा वाजवलेल्या माणसाला त्या कशाच्या, हे सांगावं लागत नाही. माराल्दोनं डोळे घट्ट मिटून घेतले.

आर्चबिशप त्याच सकाळी गेले होते.

महालासमोर नुसती झुंबड! आमच्याकडची रीतच आहे ती, धन्यानं डोळे मिटले की त्याचा महाल लोकांचा. कुणी खुर्ची पळवतोय, कुणी पिंप घरंगळवत नेतोय, एक म्हातारी कोंबड्या बगलेत मारून चाललीय. अल्त्रुदानं माराल्दोला दाराशी उतरवलं, त्याला गुडघ्यावर टेकवलं आणि आपल्या अंगाचा आधार दिला. आतून एक धर्माधिकारी चिडून बाहेर आला.

"महाराज, याला माफी द्या हो," तिनं त्याचा झगाच धरला. "साहेबांनी बोलावलं होतं. नुसता एवढा दोर काढा."

"मी? मला काय अधिकार? ज्यांनी बंदी घातली तेच गेले. नवे येतील, ते बघतील."

"नवे कधी येतील?"

"आत निवड चाललीय, निम्मे धर्माधिकारी एकाचं नाव घेतायत, निम्मे दुसऱ्याचं. गेल्या खेपेला वर्षं गेली होती." त्यानं झगा सोडवून घेतला. "नवे आले की याला घेऊन ये."

अल्त्रुदानं खाली पाहिलं. माराल्दोचं डोकं तिच्या मांडीवर कलंडलं होतं. आता कुणाला घेऊन यायचं?

ती तिथंच मोठ्यानं ओरडली, छाती बडवून रडली. लोक तिला वळसा घालून सामान नेत राहिले. एका बाईला मात्र राहवलं नाही. तिनं मलमली पडद्याचा एक तुकडा टरकावून अल्त्रुदाच्या हातात दिला. "घे गं मावशे. साहेबांच्या पलंगाचा आहे. रिकाम्या हातानं नको जाऊस."

अल्त्रुदानं त्याला गावात परत आणल्यावर फादर मायोनेनं चर्चच्या भिंतीबाहेर खड्डा खणायला लावला, आतल्या जेम्माच्या अगदी समोर. मध्ये फक्त भिंत. त्याहून जास्त त्याच्या हातात काही नव्हतं. रोगाता मुलीला घेऊन येऊन उभी राहिली.

"फादर, दोर तरी काढा."

फादर मायोनेनं हात पुढे केला. गाठीपर्यंत नेला. मग मागे घेतला. "माझ्या हातून नाही होत गं, अल्त्रुदा. दोर काढायचा तो साहेबांनीच. मी काढला तर हा माफी मागायला गेलाच नाही असं नवे साहेब धरतील. मग गावाची बंदी कधीच उठणार नाही."

सगळे अल्त्रुदाकडे पाहायला लागले. गाठ साधी होती, एका बोटानं सुटली असती. रोगाताच्या पोरीनं आईचा हात घट्ट धरला होता.

माराल्दोला खड्ड्यात उतरवल्यावर अल्त्रुदाही आत उतरली. माराल्दोचा गळा दोरानं सोलून लाल झाला होता. तिनं गाठीला हात लावला नाही. साहेबांच्या पडद्याचा तुकडा काढला, घडी केली, आणि हळूहळू दोराखाली चहूबाजूंनी सरकवला, टोचू नये म्हणून.