मुकुंदरावांचा अडकित्ता

आमच्या ह्यांना गाणं आवडलं नाही की ते खिशातून अडकित्ता काढतात आणि सुपारी कातरायला लागतात. तोंडातून ब्र काढत नाहीत. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या मराठी बैठकींना हा माणूस कायम पहिल्या रांगेत, आणि कट्‌कन आवाज आला की भलेभले घाम पुसतात. मागून सगळे ह्यांना 'अडकित्ता मुकुंदराव' म्हणतात. मीही म्हणते, घरातल्या घरात.

आमच्या लेकीच्या, तेजश्रीच्या पहिल्याच बैठकीत तो आवाज आला. यमन रंगात आला होता, निदान मला तरी तसं वाटत होतं. बाप म्हणून तरी कळ काढावी की नाही? पोरीनं राग पुरा केला, घरी येऊन व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पुन्हा कधी ह्यांच्यासमोर काढलं नाही. आपलं चुकलं हे ह्यांना कळत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आता ती दर शनिवारी एका आयरिश पबमध्ये बँडबरोबर वाजवते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, या शनिवारी ये. बाबांनाही आण." इतक्या वर्षांनी तिनं आपणहून बोलावलं, आता तिथं जाऊन ह्यांनी सुपारी कातरली तर संपलंच सगळं. अडकित्ता घरी ठेवा म्हणून मी हात जोडले. तरी खिशात आलाच.

पण पबच्या दारावर आडदांड पहारेकरी होता. त्यानं ह्यांचे खिसे चाचपले आणि अडकित्ता काढून घेतला. "चाचा, ये अंदर नक्को. जाते वखत ले लेव." त्याला ओवाळावंसं वाटलं मला.

आत हिरव्या भिंती, गडद लाकूड आणि भला मोठा पडदा. हैदराबादची मॅच रंगात आलेली, निम्मी गर्दी नारिंगी टी-शर्टांत. पडद्याखालच्या चौथऱ्यावर तेजश्री, शेजारी गिटारवाला आणि ढोलवाला. ह्यांनी पहिली रांग शोधली. रांग कुठली, सगळी टेबलंच. मग ह्यांनी चपला काढल्या आणि चौथऱ्यासमोर खाली फरशीवर मांडी घातली. म्हातारा चक्कर येऊन पडला असं वाटून कुलदीप नावाचा वेटर धावत आला. त्याला मी समजावलं, पण लाजेनं माझे कान तापले होते.

बँडनं नाचाची एक जलद धून सुरू केली आणि नेमकी तेव्हाच शेवटची ओव्हर आली. सगळ्यांच्या माना वर. माझी लेक जीव तोडून वाजवत होती आणि ऐकत कोणी नव्हतं. ह्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. हात परत आला, मांडीवर नुसता पडून राहिला, आणि मग हळूहळू ताल देऊ लागला. दादराच होता की तो! वर षटकार गेला, पब नाचू लागला, कुणाच्या तरी बिअरचा फेस ह्यांच्या खांद्यावर सांडला. ह्यांनी मान वर केली नाही.

तेजश्रीनं ते पाहिलं. ती चौथऱ्याच्या कडेला आली आणि ह्यांच्याकडे बघूनच वाजवू लागली. धून फिरून समेवर आली तसा ह्यांचा हात वर गेला. "वा," हे म्हणाले. त्या गोंगाटात एवढंसं, पण तिला पोचलं. मी तिच्याकडेच बघत होते. मग मला भरूनच आलं, आणि मी खुशाल रडून घेतलं.

निघताना ती आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आली. मागून पहारेकरी धावत आला, "चाचा, तुमारा सरोता!" एकदा ह्याच अडकित्त्यासाठी सिकंदराबाद स्टेशनवरून परत फिरून गाडी चुकवलेला माणूस आज तो साफ विसरला होता.

तेजश्रीनं तो घेतला आणि व्हायोलिनच्या पेटीत टाकला. "हा आता माझ्याकडे. हवा असेल तर पुढच्या शनिवारी येऊन घ्या, बाबा."

ह्यांनी स्वतःच पेटीचं झाकण लावलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "पण शनिवारी लवकर येऊ. पुढची जागा मिळायला हवी."