‘जुने तळे’ची फाईल

आत्याला खात्री होती, की नामशेष ठरवलेल्या जातीचा तो बेडूक अजून जिवंत आहे. विद्यापीठातल्या बाकीच्यांनी त्याचा नाद केव्हाच सोडला होता; ती मात्र रानातल्या पाणवठ्यांवर रेकॉर्डर लावत राहिली. एवढं सगळं ऐकायला दोन कान कुठले पुरणार? म्हणून भाचीने त्या बेडकाचा आवाज ओळखणारा प्रोग्रॅम लिहून दिला. कॉम्प्युटरच्या तयार कमांडने रेकॉर्डिंगच्या फाईली शोधायच्या आणि एकेकीचं नाव प्रोग्रॅमकडे पाठवायचं.

सगळे पाणवठे तपासून झाले. बेडूक नाही. राहिली एकच फाईल, ‘जुने तळे’. तिच्यावर प्रोग्रॅम अडून बसला : फाईल सापडत नाही.

“आहे की समोर,” आत्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. “मोतीबिंदू झालाय का तुझ्या प्रोग्रॅमला?”

भाचीने प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चाळला. चूक दिसेना. “याच्यापर्यंत नाव पोचतंय तरी कसं, ते बघू,” ती म्हणाली. हाती येईल ते जसंच्या तसं छापायला तिने प्रोग्रॅमला सांगितलं आणि कमांड पुन्हा चालवली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिलीत ‘जुने’, दुसरीत ‘तळे’.

भाची खुर्चीतून उठलीच. “आत्या, नाव पाठवलं एक, पोचली दोन! मधल्या मोकळ्या जागेवर कमांडने ते तोडलं. हा बिचारा ‘जुने’ नावाची फाईल शोधतोय. बाकीची नावं एकाच शब्दाची होती, म्हणून निभावलं. हे नाव कुणी दिलं?”

“मीच. शुद्ध लिहिलंय, नीट अंतर सोडून.”

नाव अखंड राहावं म्हणून भाचीने कमांडमध्ये त्याच्याभोवती अवतरणचिन्हं घातली. ती चुकीच्या जागी पडली. पुन्हा दोन ओळी. तिने चिन्हं सरकवली. या खेपेला एकच ओळ आली : ‘जुने तळे’. प्रोग्रॅम सुरू झाला, थोडा घुटमळला आणि एका ठिकाणी हिरवी खूण करून थांबला.

दोघींनी एकेक इयरफोन कानात घातला. पाण्याची टपटप, किडे, आणि मग बारीक, तुटक ट्रर्र, ट्रर्र. आत्याने भाचीचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. डोळे भरून आले तरी तिने ते पुसले नाहीत.

“परत लाव.”

चार वेळा लावून झाल्यावर ती गाडीची किल्ली शोधू लागली.

“आत्ता? भर दुपारी झोपलेला असेल तो.”

“आपण पोचेपर्यंत उठेल,” आत्या म्हणाली. “चल, बूट घाल.”