भोंग्याचं सॉरी

नऊ वर्षांनी नायक परत येतो. येऊ दे बापडा, माझी काही हरकत नाही. पण येतो तो थेट नायिकेच्या टेबलावर गुडघा ठेवायला. तो नावाजलेला गोलकीपर आणि ती नेमकी त्याच्याच टीमची डॉक्टर. डॉक्टरीणबाईंना पुस्तकभर कुणाला साधं बँडेजसुद्धा बांधावं लागत नाही. त्यांचं सगळं काम म्हणजे आठवणं. त्याचा हात लागला की त्यांना आठवतं, नाही लागला तरी आठवतं. मधल्या नऊ वर्षांत बाईंनी काय केलं, यावर लेखिकेने एक ओळसुद्धा खर्च केलेली नाही. बहुतेक डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवलं असावं त्यांना.

हे सगळं मी मोठ्याने वाचते. पोटापाण्याचा धंदाच आहे तो माझा, ऑडिओबुकं वाचण्याचा. लोक भांडी घासताना, गाडी चालवताना, जिममध्ये घाम गाळताना मला ऐकतात. मी भुताटकी वाचली आहे, वजन कमी करण्याचे उपाय वाचले आहेत, शेअर बाजार वाचला आहे. कुणी काहीही लिहावं आणि मी ते पोटतिडकीने वाचावं, असा हा कारभार. तोंड माझं, अक्कल लिहिणाऱ्याची, त्यामुळे एरवी मी मनाला लावून घेत नाही.

या पुस्तकाला मात्र दोन आवाज हवे होते. तिची प्रकरणं बाईने वाचायची, त्याची पुरुषाने. कंपनीतल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की नायक खेळाडू आहे ना, मग आवाज खेळातलाच घेऊ. आमच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला.

"मॅडम, एक सांगू? चिडणार नाही ना?"

"सांग."

त्याने नाव सांगितलं आणि मी चिडले.

नाव माझ्या नवऱ्याचं होतं. तो फुटबॉलची कॉमेंट्री करतो. आमच्या लग्नातच माझ्या भावाने त्याचं नाव भोंगा ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की आईसुद्धा एकदा चुकून त्याच्या तोंडावर म्हणाली होती. मैदानावर ठीक आहे हो, पण हा घरीसुद्धा थांबत नसे. मी चहा करायला उठले की मागून सुरू, "ती निघाली, साखरेच्या डब्याकडे वळली, झाकण निघत नाहीये, आणि... निघालं!" पहिलं वर्षभर मी हसले. नंतर झाकणं त्याला उघडायला द्यायला लागले, निदान तेवढा वेळ तरी तोंड बंद राहायचं. दोन वर्षं झाली, मी आईकडे राहते.

पहिल्या दिवशी भोंगा स्टुडिओत आला तो पुस्तक छातीशी धरून. सगळं वाचून आला होता, रडूनही आला होता.

"अगं, हे आपलंच आहे!"

"आपलं कुठलं? यातली बाई गप्प बसते."

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून तो आत काचेच्या खोलीत माईकपुढे जाऊन बसला.

आमच्याकडे कामाची पद्धत अशी. एकजण आत वाचतो, दुसरा बाहेर रेकॉर्डिस्टशेजारी बसून, बटण दाबून, त्याच्या कानात समोरच्याची वाक्यं टाकतो. म्हणजे नायकाला उत्तर द्यायला नायिका हवी ना, म्हणून. नंतर जागा बदलायच्या. चूक झाली तर मागच्या पूर्णविरामापर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा. भोंग्याला मात्र पूर्णविराम हा प्रकारच ठाऊक नव्हता. पहिल्याच चुंबनाला त्याने आवाज चढवला, "ती जवळ आली... अजून जवळ... समोर कुणीही नाही... आणि ओठ! ओठ! काय क्षण आहे हा!"

रेकॉर्डिस्टने कपाळ टेबलावर टेकलं. त्याची पाठ हलत होती.

"यातलं 'समोर कुणीही नाही' हे पुस्तकात नाहीये," मी बटण दाबून म्हटलं.

"ओघात आलं."

हे ओघात येणं आठवडाभर चाललं. हॉटेलात एकच खोली शिल्लक असते (असणारच!), त्या प्रकरणात याने पलंगाची लांबी-रुंदी सांगितली. नायिका रुसून दार लावते, तर तिने ते कुठल्या पायाने लावलं तेही याने सांगितलं. मी हसू दाबत होते, हे कबूल करते. भोंगा वाईट माणूस नाही. नुसता आवाज आहे, पण आवाज चांगला आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी चहाला बसलो असताना तो म्हणाला, "परत सुरुवात करूया का गं आपण? घाई नाही. शेवटचं प्रकरण झालं की सांग."

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं, पण म्हटलं, "बघते."

घरी आईला सांगितलं, तर तिला आकाश ठेंगणं झालं. "अगं, दारू नाही, मारहाण नाही, बाहेर भानगड नाही. इतका साधा जावई! तुला त्यांच्याकडून पाहिजे तरी काय?"

"सॉरी."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ते म्हणतील की!"

आईला कारण माहीत होतं, पण तिच्या मते ते कारणच नव्हतं. झालं होतं असं की माझ्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला महिनाभर तोंडातून शब्द काढायला बंदी केली. आवाज परत येईल का, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. माझा धंदा गळ्यावर, घाबरून अर्धी झाले होते मी. भोंग्याने त्या महिन्यात मित्र बोलावले मॅच बघायला. मी सोफ्याच्या कोपऱ्यात, मानेला पट्टी. आणि हा टीव्हीकडे बघत म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदाच घरात काय शांतता आहे म्हणून सांगू! डॉक्टरांना म्हटलं, जरा जास्तच कापा." सगळे खो खो हसले. मला उत्तर देता येत नव्हतं. रडतानाही आवाज काढायचा नाही, अशी सूचना होती. आवाज परत आला त्याच आठवड्यात मी कपडे भरले. तो विनोद त्याने नंतर आमच्या नातेवाइकांत कितीदा सांगितला, त्याला गणती नाही. मी गेले ते कामाच्या ताणामुळे वगैरे, असं त्याला आजही वाटतं.

मग सॉरीचं प्रकरण आलं. म्हणजे पुस्तकातलं. नायकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा त्याने नायिकेला हॉस्पिटलच्या खोलीतून हाकलून दिलेलं असतं, आणि नऊ वर्षांनी तो रिकाम्या मैदानात तिची माफी मागतो. चार पानं माफी आहे. एवढी माफी मागायला माणसाला किमान खून तरी करावा लागेल, पण असो.

भोंग्याने सुरुवात केली आणि माफीची अंतिम फेरी झाली. "सॉरी! आणि पुन्हा एकदा सॉरी!" रेकॉर्डिस्टने यंत्र थांबवलं. तो फारसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "सर, स्टेडियम रिकामं आहे. प्रेक्षक नाहीत. एकच बाई आहे आणि ती हातभर अंतरावर आहे. तिच्यापुरतं बोला."

भोंग्याने नुसती मान हलवली. मग माईकजवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "तुला माझी सर्वात जास्त गरज होती तेव्हा मी तुला दाराबाहेर उभं केलं. मला भीती वाटत होती म्हणून मी क्रूर झालो. मला माफ कर."

माझ्या कानात हेडफोन. कानाच्या पाळीला ओठ लावून कुणी बोलावं तसा तो आवाज. पुढचं वाक्य मी वाचायचं होतं, "इतकी वर्षं कुठे होतास?" इतकं गुळमट वाक्य, आठवडाभर मी त्याची टिंगल करत होते. ते वाचताना माझा आवाज फाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. रेकॉर्डिस्टने माझ्याकडे बघितलंच नाही, नुसता अंगठा वर केला.

मी विरघळले. लपवून काय करू? दोन वर्षं ज्या आवाजातून ज्या शब्दाची वाट बघत होते, तो त्याच आवाजात आला. शब्द दुसऱ्या बाईचे होते, माफी दुसऱ्या बाईची होती, हे मला पक्कं कळत होतं, आणि तरी मला ते हवं होतं. मला घरी जायचं होतं. त्या बडबडीतसुद्धा.

घरी येऊन आईला म्हटलं, "बहुतेक जाईन मी."

"देवाला डोळे आहेत," आई म्हणाली आणि लगेच भावाला फोन लावायला गेली.

शेवटच्या दिवशी सगळं गोड झालं. नायकाने गुडघ्याला न जुमानता पेनल्टी अडवली, नायिकेने नोकरीचा राजीनामा दिला (का? कुणी सांगेल का मला?), दोघं मिठीत. भोंगा आत होता, मी बाहेर. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "झालं." भोंग्याने काचेतून भुवया उडवल्या. म्हणजे, सांग आता.

मी बटण दाबलं. "एक राहिलंय."

"काय राहिलं?"

"माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तू मित्रांसमोर म्हणालास, जरा जास्तच कापा. त्याबद्दल सॉरी म्हण. पुस्तकातलं नाही, तुझं. तेवढं म्हटलंस तर मी आजच्या आज घरी येते."

बघा, मी ताट वाढून दिलं होतं. घास तेवढा त्याने घ्यायचा होता.

"अगं, ते?" तो हसला. "ते तर गमतीत! सगळे किती हसले होते, आठवतं का?"

"मी नव्हते हसले."

"तुला हसायला बंदी होती ना!"

मी बटणावरचं बोट उचललं. तेव्हा त्याचं हसू उतरलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. हाच माणूस समोर कागदाचा कपटा नसताना नव्वद मिनिटं बोलतो, खेळ थांबला तर मैदानात शिरलेल्या कुत्र्यावर बोलतो. त्याला एक वाक्य सापडेना. त्याचा मला राग आला नाही. मला मनापासून वाटत होतं, सापडू दे रे याला.

मग त्याचा चेहरा उजळला. त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि भराभरा पानं मागे उलटली.

"हे बघ, मला असं एकदम नाही जमत. पण यात इतकं छान लिहिलंय ना. तेच धर ना माझ्याकडून."

आणि तो माईकजवळ सरकला. आवाज खाली आणला. हॉस्पिटलची खोली, तो गुडघा, ते दार, सगळं त्याने पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा सुंदर. कुठे ओघात काही आलं नाही. पूर्णविरामावर थांबला. रेकॉर्डिस्टने डोळे पुसले. भोंग्याचेही डोळे भरले होते. त्याने वर बघितलं, कसं झालं, असं.

"छान झालं," मी म्हटलं. खरंच छान झालं होतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन आईला फोन लावला.

"म्हणाले का गं?" आईने पहिल्याच घंटीला उचलला.

"म्हणाला."

"बघ, मी म्हटलं नव्हतं! काय म्हणाले?"

"गुडघ्याबद्दल माफी मागितली."

"अगं पण तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," मी म्हटलं. "येतेच मी. जेवायला थांब."